बाहेरून परीक्षा आणि वकिलीची वाट

(प्राथमिक व माध्यमिक शिक्षक, विस्तार अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास उभे राहिले, तर अर्ध्या जिल्ह्याचे दर्शन घडते. उमरेड, भिवापूर, काटोल, नरखेड, रामटेक, पारशिवनी अशा तालुक्यांतून पहाटेची एस. टी. पकडून आलेली माणसे तेथे आपल्या तारखेची वाट पाहत असतात. कोणाचा वारस नोंदीचा वाद असतो, कोणाच्या धुऱ्याचा, कोणाच्या पोटगीचा. या पक्षकारांपैकी अनेकांच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असते की, जिची शाळा आठवीत वा नववीत सुटलेली असते. न्यायालयाच्या पायऱ्या झिजविताना त्या मुलीच्या मनात एक प्रश्न केव्हातरी उभा राहतो: "आपल्याला वकील होता येईल काय? शाळा तर सुटली. बाहेरून परीक्षा देऊन हे साधेल काय?"

हा प्रश्न ती कोणाला विचारणार? तालुक्याच्या गावी कोणी वकील ओळखीचे नसते. म्हणून ती गावच्या गुरुजींना विचारते, ग्रामसेवकाला विचारते, पंचायतीतील एखाद्या सदस्याला विचारते. या मंडळींनी दिलेल्या उत्तरावर तिच्या आयुष्याची आठ-नऊ वर्षे अवलंबून असतात. उत्तर चुकले तर वर्षे जातात, पैसा जातो, आणि शेवटी हाती पदवी असूनही महाविद्यालयाचे दार उघडत नाही. म्हणूनच हा विषय शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी नीट समजून घेण्यासारखा आहे.

प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, विधी महाविद्यालयाच्या दारापर्यंत बाहेरून परीक्षा देऊन जाता येते. दाराच्या आत मात्र बाहेरून शिकण्याची सोय नाही. आणि दारापर्यंतच्या वाटेवर ज्या पायऱ्या आहेत, त्यांतील एकही गाळता येत नाही. या विधानाची फोड करणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

परीक्षा निराळी, पात्रता निराळी

एके काळी आपल्या देशात वकिली ही बव्हंशी परीक्षेची गोष्ट होती. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स कायद्याखाली प्लीडर व मुखत्यार यांच्या पात्रतेचे व परीक्षांचे नियम उच्च न्यायालये करीत असत. पदवी नसलेला पण कायद्याची पुस्तके पाठ केलेला माणूस अशी परीक्षा देऊन जिल्ह्याच्या न्यायालयात उभा राहू शके. इतरत्रही हीच रीत होती. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन कोणत्याही विधी महाविद्यालयात गेले नव्हते. स्वतः ग्रंथ वाचून त्यांनी १८३६ मध्ये वकिलीचा परवाना मिळविला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया अशा काही राज्यांत अनुभवी वकिलाच्या हाताखाली अभ्यास करून परीक्षेस बसण्याची मुभा पुढेही राहिली.

परंतु परीक्षा उत्तीर्ण होणे आणि व्यवसायाचा अधिकार मिळणे या दोन गोष्टी नेहमीच निराळ्या राहिल्या आहेत. याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे आहे. १८६६ मध्ये नाशिक येथे जन्मलेल्या या विदुषीने १८९२ मध्ये खास परवानगीने ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. पण त्या वेळी ते विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नव्हते. मायदेशी परतल्यावर १८९७ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्यांनी दिली. तरीसुद्धा स्त्री म्हणून त्यांना सनद नाकारण्यात आली. स्त्रियांवरील ही बंदी १९२३ च्या कायद्याने दूर झाली. एवढ्या परीक्षा देऊनही जवळजवळ पाव शतक दार बंद राहिले, कारण नियम तिच्या बाजूने नव्हता. आज स्त्री-पुरुष असा भेद उरलेला नाही. पण नियम आधी वाचावा, परीक्षा नंतर द्यावी, हा धडा अजूनही तितकाच खरा आहे.

स्वातंत्र्यानंतर वकिलीच्या व्यवसायाला एकसूत्री रूप आले ते १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने. या अधिनियमाच्या २४ व्या कलमात सनदेसाठी लागणारी पात्रता दिलेली आहे. वयाची २१ वर्षे पूर्ण असावीत आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची कायद्याची पदवी असावी, हे त्यातील मुख्य मुद्दे होत. १२ मार्च १९६७ नंतर किमान तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पुरा करणे आवश्यक ठरले. पदवीशिवाय केवळ परीक्षा देऊन वकील होण्याची जुनी वाट अशा रीतीने बंद झाली.

नागपूरची परंपरा

नागपूर हे विदर्भातील कायद्याच्या शिक्षणाचे जुने केंद्र. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली आणि १९२५ मध्ये विद्यापीठाचे विधी महाविद्यालय सुरू झाले. तेच महाविद्यालय पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. १९३६ मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले. राज्य पुनर्रचनेनंतर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले. देशाचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांनी १९३५ ते १९४३ या काळात याच विधी महाविद्यालयात अध्यापन केले होते.

या शहराची आणखी एक आठवण येथे सांगण्यासारखी आहे. १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानात 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून अनेक विद्यार्थी काढून टाकण्यात आले. त्यांचे शिक्षण तेथेच थांबले असते. परंतु नागपूर विद्यापीठाचे त्या वेळचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी अशा विद्यार्थ्यांना येथे प्रवेश मिळवून दिला. त्या आंदोलनातील एक विद्यार्थी पी. व्ही. नरसिंह राव यांनी पुढे नागपूर विद्यापीठाचीच कायद्याची पदवी घेतली आणि १९९१ मध्ये ते भारताचे पंतप्रधान झाले. शिक्षण एका ठिकाणी तुटले म्हणजे कायमचे संपले असे नाही; ते दुसऱ्या ठिकाणी जोडून घेता येते. मात्र जोडून देणारा कोणीतरी जबाबदार माणूस लागतो.

एका खाजगी परीक्षार्थिनीचा प्रवास

बाहेरून मॅट्रिकची परीक्षा देऊन वकील झालेल्या व्यक्तीचे सर्वांत बोलके उदाहरण दुर्गाबाई देशमुख यांचे आहे. त्या मूळच्या आंध्रातील राजमहेंद्रीच्या. परंतु महाराष्ट्राशी त्यांचे नाते सर्वपरिचित आहे. त्यांचे पती चिंतामणराव देशमुख हे कुलाबा जिल्ह्यातील, आणि सनदी सेवेतील त्यांची कारकीर्द मध्य प्रांतात, म्हणजे याच नागपूरच्या परिसरात, सुरू झाली होती.

दुर्गाबाईंचे शालेय शिक्षण लहानपणीच सुटले. पुढे मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावास भोगला. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली आणि बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा खाजगी रीतीने दिली. त्यानंतर मात्र त्यांनी आंध्र विद्यापीठातून रीतसर बी. ए. केले आणि १९४२ मध्ये मद्रास येथून कायद्याची पदवी मिळविली. त्या वकील झाल्या, घटना समितीच्या सदस्य झाल्या, पुढे नियोजन मंडळावर आल्या.

या प्रवासात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, त्यांनी मॅट्रिकची पायरी गाळली नाही. वय वाढले होते तरी ती परीक्षा दिली आणि मगच पुढे गेल्या. दुसरी अशी की, स्वतःला जी वाट सापडली ती त्यांनी इतर स्त्रियांसाठी रुंद केली. १९३७ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या आंध्र महिला सभेत मुलींना बनारसच्या मॅट्रिकसाठी तयार केले जाई. पुढे केंद्रीय समाज कल्याण मंडळाच्या अध्यक्ष असताना १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रमाची योजना सुरू झाली. शाळा सुटलेल्या स्त्रियांना थोड्या काळात परीक्षेपर्यंत नेणे हा तिचा उद्देश होता.

सतरा नंबरचा फॉर्म

महाराष्ट्रात खाजगी परीक्षार्थीची सर्वांत परिचित सोय म्हणजे माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा नमुना क्रमांक १७. गावोगावी त्याला 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. शाळेत नियमित न जाता दहावीची किंवा बारावीची परीक्षा देऊ इच्छिणाऱ्याने हा अर्ज भरून आपले नाव मंडळाकडे नोंदवावयाचे असते. मंडळाने नेमलेली शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय हे त्याचे संपर्क केंद्र असते. अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, तोंडी परीक्षा या बाबी त्या केंद्रामार्फत पार पडतात. नागपूर विभागातील जिल्ह्यांसाठी मंडळाचे विभागीय कार्यालय नागपूर येथेच आहे.

या अर्जाबाबत तीन चुका पुन्हा पुन्हा घडतात. पहिली चूक मुदतीची. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणून दिवाळीनंतर चौकशी करू असे पालक म्हणतात. परंतु खाजगी नोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, शैक्षणिक वर्षाच्या पूर्वार्धातच होत असते. मुदत गेली की पूर्ण वर्ष गेले. दुसरी चूक दाखल्याची. शाळा सोडल्याचा मूळ दाखला अर्जासोबत लागतो. तो हरवला असेल तर शाळेकडून द्वितीय प्रत आणि त्यासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पंधरा वर्षांपूर्वी शाळा सोडलेल्या स्त्रीचे माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, जन्मतारीख तिसरी, असा घोळ येथेच उघडकीस येतो. तो दहावीलाच निस्तरला पाहिजे. अन्यथा तो पुढे पदवीला, प्रवेशाला आणि सनदेलाही आडवा येतो. तिसरी चूक गुणांची. ती स्वतंत्रपणे सांगावी इतकी महत्त्वाची आहे.

उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण पुरेसे असतात, म्हणून खाजगी विद्यार्थी व त्याचे घरचे लोक तेवढ्यावर समाधान मानतात. विधी अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी मात्र पात्रता परीक्षेत सर्वसाधारण उमेदवाराला किमान ४५ टक्के गुण लागतात. इतर मागास वर्गासाठी ही मर्यादा ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जावयाचे असेल तर हे गुण बारावीत हवेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जावयाचे असेल तर पदवीत हवेत. "पास झालो" एवढ्यावर पेढे वाटून थांबणाऱ्या मुलाला ही गोष्ट परीक्षेच्या आधीच सांगितली पाहिजे.

दोन मुलींची दोन वाटा

दहावी-बारावीनंतरचा टप्पा पदवीचा. येथे १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने आणि १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने फार मोठे काम केले आहे. शेतात, कारखान्यात, घरकामात गुंतलेल्या माणसाला पदवीपर्यंत जाण्याची संधी या संस्थांनी दिली. मुक्त विद्यापीठाचे एक वैशिष्ट्य असे राहिले की, बारावी नसलेल्या प्रौढ व्यक्तीलाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवीला प्रवेश घेता येई. ज्ञानासाठी व आत्मविश्वासासाठी ही सोय अमोल आहे. परंतु वकिलीच्या वाटेवर नेमका येथेच मोठा खड्डा आहे.

भारतीय विधिज्ञ परिषदेने २००८ मध्ये विधी शिक्षणाचे नियम केले. त्यांतील ५ व्या नियमात दोन गोष्टी स्पष्ट केलेल्या आहेत. दूरस्थ किंवा पत्रद्वारा शिक्षणाने बारावी वा पदवी घेतलेला उमेदवार विधी अभ्यासक्रमाला पात्र मानला जातो. परंतु मूळची शालेय पात्रता न घेता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेला उमेदवार पात्र मानला जात नाही. म्हणजे पदवी बाहेरून घेतली याला हरकत नाही. तिच्या खालच्या पायऱ्या नाहीत याला हरकत आहे.

हा फरक उदाहरणाने पाहू. समजा, भिवापूर तालुक्यातील दोन मैत्रिणींची शाळा नववीनंतर सुटली. पहिलीने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली, दोन वर्षांनी तशीच बारावी दिली, मग मुक्त विद्यापीठातून तीन वर्षांत बी. ए. केले. तिची सहा-सात वर्षे गेली. दुसरीला कोणीतरी सांगितले की दहावी-बारावीची गरजच नाही. वयाची अट पुरी होताच तिने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला आणि तीही बी. ए. झाली, पहिलीच्या कदाचित दोन वर्षे आधी. दोघींच्या हाती पदवी एकच, विद्यापीठ एकच, गुणही सारखे. पण विधी महाविद्यालयात कागदपत्रांची छाननी होते तेव्हा पहिलीला प्रवेश मिळतो आणि दुसरी परत फिरते. दुसरीची बुद्धी कमी नव्हती, कष्टही कमी नव्हते. तिला सल्ला चुकीचा मिळाला होता. आणि तो सल्ला देणारा बहुधा तिच्या गावातलाच, तिच्या भल्याची इच्छा करणारा माणूस असतो, ही यातील खेदाची बाब आहे.

वयाच्या बाबतीत मात्र निराश होण्याचे कारण नाही. विधी अभ्यासक्रमासाठी २० व ३० वर्षांची कमाल वयोमर्यादा घालण्याचा प्रयत्न झाला होता. त्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये स्थगिती दिली. उशिरा शिक्षण घेणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या दृष्टीने ही मोठीच दिलासा देणारी गोष्ट होती.

दाराच्या आत

पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा, असे विधी शिक्षणाचे दोन मार्ग आहेत. राज्यातील विधी महाविद्यालयांसाठी २०१६ पासून सामायिक प्रवेश परीक्षा घेतली जाते आणि ती मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांतून देता येते. नागपुरातील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी मात्र देशपातळीवरील निराळी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या विद्यापीठाचा कायदा २०१४ चा असून तेथील अध्यापन २०१६ मध्ये सुरू झाले.

एकदा प्रवेश झाला की बाहेरून परीक्षा देण्याची भाषा संपते. २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाच्या तासांना ७० टक्के हजेरीची अट घातलेली आहे. तिच्या अंमलबजावणीविषयी पुढे न्यायालयांत वाद झाले. पण सनदेसाठीची पदवी ही नियमित शिक्षणाची असावी, हे तत्त्व कायम राहिले. सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वर्ग भरवू नयेत, असाही नियम आहे. पत्रद्वारा मिळणाऱ्या कायद्याच्या पदव्या व पदविका माहितीसाठी चांगल्या असतील. त्यांच्या बळावर सनद मिळत नाही. जाहिरातीत 'घरबसल्या एलएल. बी.' असे शब्द दिसले, तर शिक्षकांनी विद्यार्थ्याला वेळीच सावध करावे.

ही अट अन्यायाची आहे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. रोजंदारी बुडवून नागपूरला खोली घेऊन राहणे गरिबाला परवडत नाही, हे खरे आहे. पण दुसरी बाजूही आहे. इतिहास वा साहित्य पुस्तकातून शिकता येते; साक्षीदाराची उलटतपासणी, युक्तिवाद, दाव्याचा मसुदा या गोष्टी दुसऱ्याच्या समोर उभे राहूनच शिकाव्या लागतात. वकिलाची चूक त्याच्या एकट्याच्या अंगावर येत नाही. ती पक्षकाराच्या शेतावर, घरावर, प्रसंगी स्वातंत्र्यावर येते. यास्तव हजेरीची अट काढून टाकावी असे म्हणण्यापेक्षा, गरीब विद्यार्थ्याला हजर राहता यावे यासाठी काय करता येईल, हा विचार अधिक उपयोगी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयात १९४६ मध्ये नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग सुरू केले, ते याच विचाराने. त्यांनी अभ्यास सोपा केला नाही. अभ्यासाची वेळ माणसाला सोयीची केली.

आज या कामी वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि शुल्क सवलती यांचा आधार घेता येतो. केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींसाठी राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत जाहीर केली. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र व उत्पन्नाचा दाखला वेळेवर नसल्यामुळे असा लाभ हातचा जाऊ नये, एवढी दक्षता गावपातळीवर घेता येईल.

पदवीनंतर राज्य विधिज्ञ परिषदेकडे सनदेसाठी अर्ज करावयाचा असतो. हे नोंदणी शुल्क अनेक राज्यांत हजारो रुपयांवर गेले होते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अधिनियमात सांगितलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही. त्याखेरीज अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. ही परीक्षा मार्च २०११ मध्ये प्रथम झाली आणि तिची वैधता सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्य केली. न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट २० मे २०२५ च्या निर्णयाने पुन्हा आणण्यात आली. नोकरीत असलेल्यांनीही एक गोष्ट विसरू नये: पूर्णवेळ पगारी नोकरी सांभाळून वकिली करता येत नाही.

गावाने काय करावे

विदर्भातील खेड्यांना वकिलांची गरज नाही असे कोणी म्हणणार नाही. जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा मराठी असावी, अशी अधिसूचना राज्याने २१ जुलै १९९८ रोजी काढली. पक्षकाराची भाषा, त्याच्या शिवाराचा व्यवहार, सातबारा आणि फेरफार यांची परिभाषा ज्याला घरातच कळली आहे, असा तरुण वकील झाला तर तालुक्याच्या न्यायालयात त्याचा उपयोग मोठा आहे. म्हणून या वाटेवर निघालेल्यांना हात देणे हे केवळ एका कुटुंबाचे काम नाही.

शिक्षकांना करता येण्याजोगे पहिले काम म्हणजे शाळा सोडून गेलेल्या मुलांची यादी करणे. सर्वसाधारण नोंदवहीत ती नावे असतातच. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी त्या घरी जाऊन सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत सांगितली, तर दोन-चार मुले निश्चित परत वळतील. नाव, आडनाव व जन्मतारीख यांतील विसंगती त्याच वेळी तपासावी. ग्रामपंचायतीला आपल्या फलकावर या मुदतीची सूचना लावता येईल, ग्रामसभेत ती वाचून दाखविता येईल, आणि पंचायतीच्या वाचनालयात दहावी-बारावीच्या पुस्तकांबरोबर भारताच्या संविधानाची मराठी प्रत ठेवता येईल. संध्याकाळी दिव्याखाली बसून अभ्यास करण्याजोगी एक खोली खुली ठेवणे हीही लहान मदत नव्हे. विस्तार अधिकाऱ्यांनी आपल्या बीटमधील संपर्क केंद्रांची माहिती प्रत्येक शाळेकडे असल्याची खात्री करावी.

ज्यांना वय, संसार वा परिस्थिती यांमुळे पदवीपर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठीही कायद्याच्या सेवेचे एक दार उघडे आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा असून तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याखाली तालुका व जिल्हा पातळीवर मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते, आणि २००९ च्या योजनेनुसार विधी स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले जाते. अर्ज कोठे करावा, कोणता कागद लागतो, मोफत वकील कसा मिळतो, हे शेजाऱ्याला सांगणारी एखादी बचतगटातील बाई ही वकील नसली तरी न्यायाच्या कामात तिचा वाटा लहान नाही.

शेवटी, न्यायालयाच्या आवारात ज्या मुलीच्या मनात तो प्रश्न उभा राहिला होता, तिच्याकडे पुन्हा वळावे. ती गावी परतून गुरुजींना विचारील, "बाहेरून परीक्षा देऊन वकील होता येते का?" तिला नुसते "हो" म्हणणे सोपे आहे आणि नुसते "नाही" म्हणणे त्याहून सोपे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. तिला सांगावयाचे ते असे: "दहावी दे, बारावी दे, पदवी घे, बाहेरून दिलीस तरी चालेल, पण एकही पायरी गाळू नकोस. गुण पंचेचाळीस टक्क्यांच्या वर ठेव. आणि कायदा शिकावयाची वेळ येईल तेव्हा तीन वर्षे वर्गात बसण्याची तयारी ठेव. त्याची सोय काय करावयाची ते आपण मिळून पाहू." या उत्तरातील शेवटचे वाक्य ज्या गावात खरे होईल, त्या गावातील मुलगी एक दिवस त्याच आवारात येईल. त्या दिवशी तिच्या हाती तारखेचा कागद नसेल, वकीलपत्र असेल.